मागचे सारे विरघळविणारे भिंग

वाचकहो, एका छायाचित्रकाराने दोन भिंगांमधून एक भिंग कसे निवडले, तेवढाच वृत्तान्त येथे यथामती निवेदन करीत आहे. प्रसंग जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. म्हणून तो लांबविण्याचा मोह मी कटाक्षाने टाळणार आहे.

दुकानदाराने काळ्या मखमलीच्या तुकड्यावर दोन लेन्स शेजारी शेजारी ठेवल्या.

"ही वन पॉइंट टू. फोकस आपोआप होतो. आणि ही पॉइंट नाइन फाइव्ह. आकडा लहान म्हणून हिचं तोंड मोठं, उजेड घटाघटा पिते. पण फोकस हातानं करावा लागतो. घ्या, दोन्ही लावून बघा. बघायला काय जातंय!"

छायाचित्रकाराने दोन्ही भिंगे आळीपाळीने तळहातावर तोलली. नवजात बालकांची छायाचित्रे त्यांच्याच घरी जाऊन, फ्लॅशचा लखलखाट न करता, केवळ खिडकीच्या उजेडात काढावयाची, असा त्याचा बेत होता. मोबाइलपायी मोडकळीस आलेला त्याचा स्टुडिओ या एका कल्पनेवर पुन्हा उभा राहणार होता. कल्पना तिघांनाच ठाऊक होती: त्याला, त्याच्या पत्नीला आणि मेहुण्याला. चौदा वर्षे त्याच्या कॅमेऱ्यांची बॅग वाहणारा हा मेहुणा आजही सोबत येणार होता. परंतु पहाटे त्यास ताप भरला. "दाजी, तुम्हीच जा," पांघरुणातून तो कण्हत म्हणाला होता, "तुमची नजर म्हणजे नजर!"

"तुम्ही दारात उभे राहा," छायाचित्रकार दुकानदारास म्हणाला. "डोळ्यावर फोकस करतो."

"माझा फोटो? लेन्सला नजर लागेल, शेठ." दुकानदार शर्टाची कॉलर ठाकठीक करीत दारात उभा राहिला. त्याच्या पाठीमागे रस्ता होता, आणि रस्त्यापलीकडे नव्याने रंगविलेले एक दुकान.

प्रथम वन पॉइंट टू लावली. तिचे तोंड पूर्ण उघडे ठेवून त्याने एक छायाचित्र टिपले आणि पडद्यावर मोठे करून पाहिले. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट होता. मागील दुकान मात्र धुक्यात बुडाले होते. त्या धुक्यात दोन माणसांचे दोन डाग होते, आणि त्यांतील एका डागाचा डावा खांदा खाली पडलेला होता.

छायाचित्रकार स्वतःशीच हसला. जड बॅग वाहून वाहून मेहुण्याचाही डावा खांदा अस्साच पडला होता. जगात एकासारखी एक माणसे असावयाचीच.

"आलं का नाक?" दुकानदाराने विचारले.

"नाक धूसर आलंय."

"बरं झालं. बायकोला दाखवायला एक तरी फोटो झाला."

मग त्याने पॉइंट नाइन फाइव्ह चढविली. कॅमेरा तिपाईवर बसवून, श्वास रोखून, हाताने डोळ्यावर फोकस आणला. पाहतो तो काय, मागील दुकान, रस्ता, माणसे सगळे विरघळून लोण्यासारखे मऊ झाले होते. डागही नव्हता, खांदाही नव्हता. त्याने समाधानाने मान डोलावली. भिंगाचे तोंड जितके बारीक, आकडा तितका मोठा आणि मागचे तितके स्पष्ट. आता तेही पाहावे, म्हणून रिवाजाप्रमाणे त्याने पुढचे कडे एकेक टप्प्याने फिरविण्यास प्रारंभ केला.

दोन. चार. आठ. सोळा.

दुकानदाराच्या पाठीमागे रस्ता प्रकट झाला. दुकान प्रकट झाले. दोन माणसे एक लांबलचक पाटी वर चढवीत होती. पाटीवर टपोरी अक्षरे होती: "नवजात बाळांचे फोटो, तुमच्या घरी, खिडकीच्या उजेडात." पाटीचे डावे टोक मेहुण्याच्या हातात होते. ताप आलेला मनुष्य शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून मोठ्याने हसत होता.

छायाचित्रकाराचा हात कड्यावर तसाच राहिला. दुसऱ्या हाताने त्याने फोन काढून पत्नीला लावला. निदान ती तरी आपल्यासारखीच फसलेली असावी, एवढीच त्याची इच्छा होती.

"अगं, ताप उतरला का त्याचा?"

"कुठला उतरतोय! आत्ताच कपाळावरची पट्टी बदलली. झोपलाय बिचारा," पत्नी म्हणाली. "तुम्ही घाई करू नका हं. संध्याकाळ झाली तरी चालेल. अगदी नीट बघून घ्या."

"बघितलं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

"वहिनी काय म्हणतात?" दुकानदाराने दारातूनच विचारले. "मी अजून किती वेळ असा उभा राहू? पाय भरून आले, शेठ."

"थांबा जरा. हलू नका."

छायाचित्रकाराने कडे उलट फिरविण्यास सुरुवात केली. आठला पाटीवरील अक्षरे एकमेकांत मिसळली. चारला हसणे गेले. दोनला खांदा गेला. शेवटच्या टप्प्याला सारे पुन्हा मऊ, निर्मळ धुके झाले, आणि त्या धुक्यापुढे एका परक्या माणसाची पापणी तेवढी लख्ख उरली.

"हीच द्या," तो म्हणाला.

"बघा हं, हातानं फोकस करावा लागेल. जन्मभर."

"चालेल. हिच्यात मागचं काही दिसत नाही."

"अहो, म्हणून तर लोक घेतात!" दुकानदार आनंदाने म्हणाला, आणि खोके आणण्यास आत गेला. दार मोकळे झाले. छायाचित्रकाराने डोळा कॅमेऱ्यापासून काढला नाही.

येथे लेखणी ठेवतो. आपण आपला अमूल्य वेळ देऊन हे चार शब्द वाचलेत, त्याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
दौलत पिराजी वाघचौरे