सत्तरच्या आत

सतराव्या होलवर चेंडू घरंगळत गेला आणि भोकात पडला. दोरीपलीकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. फर्गस केर्डने टोपीला हात लावला, चेंडू काढून पँटला पुसला आणि खिशात टाकला. त्याला काहीच वाटलं नाही.

खरं तर तो या गोल्फ स्पर्धेत नव्हताच. पहिल्या दोन दिवसांत निम्मे खेळाडू गळतात. उरलेल्यांची जोडी जमली नाही, एक शिल्लक राहिला, तर शनिवारी सकाळी सगळ्यात तळाचा खेळाडू एकटाच आधी निघतो. त्याला सोबत म्हणून क्लबातला एखादा सभासद देतात. त्याला मार्कर म्हणतात. मार्करने त्या खेळाडूचे फटके लिहायचे. हवं तर स्वतःही खेळायचं, पण त्याचे फटके कुठेच धरत नाहीत. लग्नात करवली मिरवते, तितपतच त्याचा मान.

क्रेगनेसच्या या किनाऱ्यावर ते काम नेहमी फर्गसकडेच येई. यंदा सेक्रेटरी घरी येऊन चाचरत म्हणाला होता, "जमणार नसेल तर राहू दे, फर्गस."

"जमेल की," फर्गस म्हणाला होता.

न जमायला काय झालं होतं? बायको, मोराग, फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून त्याला सगळंच जमत होतं. अंत्यविधीला तो रडला नाही. शेजारणींनी आणून दिलेलं सूप त्याने वेळच्या वेळी गरम करून प्यायलं, भांडी घासून परत केली. फक्त काठ्यांची पिशवी जिन्याखाली गेली होती. ती आज बाहेर आली.

मोरागला गोल्फचा मनस्वी कंटाळा. मैदान घरापासून हाकेच्या अंतरावर, पण ती एकदाही तिकडे फिरकली नाही. मात्र संध्याकाळी ती बटाटे सोलायला बसली, की फर्गस समोर खुर्ची ओढून पहिल्या होलपासून सगळे फटके तिला सांगायचा. चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला, असं तो सांगायचा आणि ती म्हणायची, "छान." तिचं लक्षच नसायचं. अठरा होल सत्तरपेक्षा कमी फटक्यांत संपवायचे हे फर्गसचं जुनं स्वप्न, म्हणून शेवटी तेवढं विचारायची, "मग? आलास का सत्तरच्या आत?"

"नाही गं. थोडक्यात हुकलं."

"मग डंपलिंग नाही. ज्या दिवशी येशील त्या दिवशी करीन."

कापडात बांधून उकडलेलं, मनुका घातलेलं तिचं डंपलिंग गावात प्रसिद्ध होतं. नाताळला ती ते करायचीच. पण हे दुसरं डंपलिंग लग्नाच्या वर्षापासून लांबणीवर पडलं होतं.

"काका, मागे बघा जरा," कॉलम ड्रायबर्ग म्हणाला. तळाचा खेळाडू तो. ग्लासगोचा, तिशीच्या आतला, सकाळपासून तोंड पाडून चाललेला. "ही गर्दी माझ्यासाठी जमलेली नाही. मी इथे पोटापाण्यासाठी घाम गाळतोय आणि तुम्ही फुकटात माझी अब्रू काढताय."

"खेळ तू. तुझी पाळी आहे," फर्गस म्हणाला.

अठराव्या, शेवटच्या होलवर फर्गसचा तिसरा फटका भोकापासून वीतभर अंतरावर थांबला. आता पुढचा आत गेला की एकूण फटके एकोणसत्तर. बातमी कधीच पसरली होती. क्लबातली सगळी म्हातारी मंडळी चहा टाकून दोरीला येऊन भिडली होती.

"एवढा घाल बाबा," त्यातला एक म्हणाला. "मग मेलास तरी चालेल."

लोक हसले आणि मग गप्प झाले. फर्गस चेंडूजवळ उभा राहिला. आयुष्यभर त्याने याच फटक्याची वाट पाहिली होती. आता आनंद व्हायला हवा, हे त्याला कळत होतं. त्याला फक्त घरचं टेबल दिसत होतं, त्यावर पालथं घातलेलं पातेलं आणि समोरची रिकामी खुर्ची. त्याने काठी बगलेत धरली, वाकला आणि चेंडू उचलून घेतला.

दोरीपलीकडे लोक हळहळले. मार्करने चेंडू उचलला तर कुणी त्याला अडवू शकत नाही.

"काय केलंत हे, काका?" कॉलम म्हणाला. "डोळे मिटून मारला असतात तरी गेला असता."

"म्हणूनच," फर्गस म्हणाला. "आत गेला असता, तर घरी जाऊन कुणाला सांगू?"

 कॉलमने आपला चेंडू भोकात घातला. फटक्यांची नोंद करायच्या खोपटात जाऊन दोघांनी कार्डावर सह्या केल्या. फर्गसने पिशवी खांद्याला लावली आणि तो निघाला, तेवढ्यात चहाचे दोन कप घेऊन कॉलम मागून आला आणि भिंतीलगतच्या बाकावर बसला.

"बसा," तो म्हणाला. "पहिल्या होलपासून सांगा."

"तू बरोबरच होतास की. सगळं बघितलंस."

"मी? मी सकाळपासून फक्त माझंच बघत होतो. उगाच नाही तळाला आलो. सांगा."

फर्गस बसला.  समुद्रावरून वारा येत होता.

"पहिल्या होलला वारा उजवीकडून होता," तो म्हणाला. "मी तो हिशेबात धरला नाही. चेंडू पार उंच गवतात गेला, सापडता सापडेना."

"छान," कॉलम मोबाईलमध्ये डोकं घालून म्हणाला, आणि फेब्रुवारीपासून न आलेलं रडू फर्गसला तिथे त्या बाकावर आलं.