आवरलेली पेटी

देवपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात रुजू झालो, त्याच दिवशी मी तातडीच्या औषधांची पेटी आवरायला काढली. एक औषध चुन्याच्या रिकाम्या डबीत, दुसरं लाल चिंधीत गुंडाळलेलं. डबी आणि चिंधी मी टोपलीत टाकली आणि सगळ्या कुप्या नावाच्या क्रमाने एका रांगेत लावल्या.

वीस वर्षं तिथेच ड्रेसिंगचं काम करणाऱ्या हसीनाबी दारातून बघत होत्या.

"छान दिसतेय, डॉक्टर. आता समजा, इंजेक्शनची रिॲक्शन येऊन म्हैस कोसळलीय. ॲड्रेनलिन द्या. लवकर."

मी झटकन एक कुपी उचलून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी सावकाश चष्मा लावला आणि नाव वाचलं.

"हे शेजारचं, ॲट्रोपिन. म्हैस गेली, डॉक्टर."

मी ओशाळून हसलो. टोपलीतून डबी काढली, चिंधी काढली.

"तुमचीही अशीच परीक्षा घेतली होती का कुणी?"

"नाही. नवी होते तेव्हा मीही पेटी अशीच आवरली होती," डबी पुसत त्या म्हणाल्या. "ती म्हैस खरी होती."