सरावातला सुजीत

बोईसरच्या कारखान्यात मॅनेजरांना अवघड प्रसंगी कसं बोलायचं ते शिकवायला एआय आलं. भाग्येशसाहेबांना सराव हवाच होता. आजवर त्यांनी दुखावलेल्या कामगारांची समजूत एडवण गावचा कामगार सुजीतच काढायचा, डब्यातले अर्धे बोंबीलही साहेबांना द्यायचा. आज नोकरकपातीत राजीनाम्याचा कागद त्याच्यापुढे सरकवत साहेब मायेने म्हणाले, "तुझ्या बहिऱ्या कानाचं दुःख समजू शकतो." सुजीत चमकला. "कानाचं मी फक्त तुमाला सांगितलेलं, ते इथं कशाला? आनि असलं गोड बोलायला कोनी शिकवलं?" साहेब ओशाळले. "अरे, सरावात एआय सुजीत बनलं. त्याला तुझं सगळं सांगावं लागलं." "सगळं? दोस्तीत बोललेलं पन?" साहेबांनी चष्मा पुसला. सुजीतने विचारलं, "मंग तो सुजीत काय बोलला?" "आधी फार भांडला. मी शिकत गेलो, तिसऱ्या खेपेला त्याने मुकाट सही केली." सुजीतने पेनाला टोपण लावलं. "मंग बसा साहेब. आपली आज पयलीच खेप हाय."