स्वस्तातला मीटर

“ए भिंगरे, उजेड मोजायचा स्वस्तातला लाइट मीटर कुठला घेऊ गं?” दादाने विचारलं. तोंडात घास, हातात मोबाइल.

भिंगरीने वर पाहिलंच नाही. पाहिलं असतं, तर डोळ्यांतला आनंद लपला नसता. ज्या संधीची ती इतके दिवस वाट पाहत होती, ती स्वतःच्या पायांनी जिना चढून वर आली होती आणि तिच्याच ताटातली काकडी खात होती.

दादा म्हणजे तिचा चुलतभाऊ. खालच्या मजल्यावर राहायचा. खाली त्याची खाऱ्या पाण्याची टाकी, वर भिंगरीची. दोन्हींत जिवंत प्रवाळ. दोन्हींवर एकाच दुकानातून आणलेले, अगदी एकसारखे निळे दिवे. पण प्रवाळ फुलायचं ते भिंगरीकडेच. नखाएवढ्या तुकड्यापासून तिने वाढवलेलं हिरवं झुडूप आता ओंजळीत मावत नव्हतं. तिने त्याचं नाव ठेवलं होतं राणीसरकार.

आणि या दादाने काय करावं? ती शाळेत असताना वर येऊन पकडीने राणीसरकारची सगळ्यांत देखणी फांदी तोडली. आपल्या दगडावर चिकटवली. प्रवाळ पाळणाऱ्यांच्या मेळाव्यात नेऊन मिरवली. “माझ्या हातचं आहे,” म्हणाला. टाळ्या घेतल्या. भिंगरी पहिल्याच रांगेत होती. “ते माझं आहे!” ती ओरडली. दादाने तिला टपली मारली आणि लोकांना म्हणाला, “लहान आहे हो. टाकी दिसली की हिला सगळं आपलंच वाटतं.”

लोक हसले. ते हसू भिंगरीच्या कानात अजून घुमत होतं. तेव्हापासून ती दादाला पाण्यात पाहत होती, तेही खाऱ्या.

“दाखव बघू,” ती म्हणाली.

तीन मीटर होते. पहिला पाण्यात बुडवायचा, प्रवाळाला लागतो तोच प्रकाश मोजणारा. त्याची किंमत बघून दादाने आधीच कपाळाला हात लावला होता. दुसरा मोबाइलला जोडायचा. तिसरा साधासुधा, वायरच्या टोकाला पांढरी टोपी असलेला, खोलीतला उजेड मोजायचा. अगदी स्वस्त.

तिसऱ्याची खोड भिंगरीला पक्की माहीत होती. तो माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने उजेड मोजतो, आणि माणसाच्या डोळ्याला निळा उजेड मंदच वाटतो. म्हणून निळ्या दिव्याखाली तो भलताच कमी आकडा दाखवतो. माणूस घाबरतो, दिवा वाढवतो. प्रवाळ आधी अंग चोरतं. मग त्याचा रंग उडतो. मग उरतो तो पांढरा सांगाडा. तो पुन्हा काही हिरवा होत नाही.

दादाला हे वाचून कळलं असतं. पण वाचायचं म्हटलं की दादाच्या पोटात दुखायचं.

“हा तिसरा घे,” ती म्हणाली. “डोळे झाकून.”

“नक्की ना? नाहीतर माझा मामा करशील.”

“दादा, मी तुला कधी फसवलंय?”

दादा चावायचा थांबला. “नाही,” तो हळूच म्हणाला. “तू नाही फसवलंस.”

भिंगरीने त्याला एक दणदणीत आकडाही सांगितला. “एवढा येईपर्यंत दिवा वाढवत राहायचं. मध्ये थांबायचं नाही.”

मग ती शाळेच्या शिबिराला गेली. बसमध्ये मैत्रिणी घसा फाटेस्तोवर गाणी म्हणत होत्या. भिंगरी खिडकीशी बसून मनातल्या मनात दादाची टाकी पांढरी करत होती. एक कोपरा, दुसरा कोपरा, मग मधला दगड. मध्येच वाटलं, त्या मुक्या जिवांनी माझं काय घोडं मारलंय? आणि ती फांदी तर माझीच आहे. पण मेळाव्यातलं हसू आठवलं आणि तिने दातओठ खाल्ले. मरू दे. माझी नाही, तर कुणाचीच नाही.

परत आल्यावर ती वर गेलीच नाही. पाठीवर सॅक तशीच, बुटांना चिखल तसाच. थेट खालच्या मजल्यावरची बेल वाजवली.

काकूने दार उघडलं. “अगं, आधी घरी तोंड तरी दाखव! आई वाट बघतेय.”

“जाते गं काकू. आधी दादाची टाकी बघते.”

टाकी बहरली होती. जांभळं, केशरी, गुलाबी, सगळं तट्ट फुललेलं. मधल्या दगडावर तिची हिरवी फांदी तर अशी तरारली होती, जणू तिला चिडवतेय.

“मीटर आला नाही?” भिंगरीचा आवाज चिरकला.

“आला की. तू निघालीस, तासाभरात कुरिअरवाला हजर.”

“मग लावला का नाहीस?”

दादाने मानेवर हात फिरवला. “इथे नव्हताच लावायचा गं. तुझ्यासाठी मागवला होता. ती फांदी तोडल्यापासून तुझ्याकडे बघायची लाज वाटते मला. म्हटलं, ही येईपर्यंत हिच्या राणीसरकारचा थाट करून ठेवू. तुझ्या आईला विचारून वर गेलो.”

भिंगरीच्या खांद्यावरून सॅक घसरली. तिने ती धरली नाही.

“तुझ्याकडे उजेड केवढा कमी होता, वेडे!” दादा खुशीत सांगत होता. “आकडा चढता चढेना. पण तू म्हणाली होतीस ना, मध्ये थांबायचं नाही? दिवा पार शेवटच्या खुणेपर्यंत नेला, तेव्हा कुठे आला. तू गेलीस त्या दिवसापासून तस्साच लावून ठेवलाय.”