सुनेचं कार्ड कुलपात

माझा भाऊ पंचायत समितीला उभा आणि सून त्याच्या विरोधात. म्हणून तिचं मतदान कार्ड मी पेटीत कुलूप लावून ठेवलं. फोटोचं ओळखपत्र नाही, तर मत नाही. सरकारनं सासवांची काय सोय केलीय!

तरी केंद्रावर ती माझ्या पुढंच रांगेत. मी सुनावलं, "जा घरी, भवाने. साहेब तुझं तोंड बघून सोडायचे नाहीत."

तिनं साहेबांपुढं गाडी चालवायचं लायसन ठेवलं. फोटो तिचाच, डोक्यावर पदर नाही. साहेबांनी बोटाला शाई लावायला सांगितलं.

"गाडी कधी शिकलीस गं?"

"तुम्ही भजनाला जायचा तेव्हा, आत्याबाई."

भाऊ पडला. त्याची समजूत काढायला जायचं, तर एसटी नाही. शेवटी तिच्याच स्कूटरवर मागं बसून गेले. मेली चालवते मात्र झकास.