खारा बोका

वायरमन स्टुलावर उभा राहून धाकट्या बहिणीच्या दुकानात दिवा बसवत होता. दुकान समुद्राकाठचं, सर्फिंगचे बोर्ड भाड्याने देण्याचं. नवेकोरे बोर्ड भिंतीला टेकून उभे होते आणि गिऱ्हाईक औषधालाही नव्हतं.

बहीण लॅपटॉपपुढे बसून धुसफुसत होती. सर्फिंगवाल्या मंडळींनी मिळून एक नकाशा केला आहे. कुठल्या किनाऱ्यावर लाट कशी फुटते ते ज्याने त्याने त्यावर लिहायचं. तो पाहिल्याशिवाय ही माणसं घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. आणि नेमकं या किनाऱ्याबद्दल 'खारा बोका' नावाच्या कुणीतरी लिहून ठेवलं होतं: पाण्याखाली धारदार खडक, पाणी गढूळ, लाट उठायच्या आधीच बसते. याल तर पस्तावाल.

"यातला एक शब्द खरा नाही, दादा. तू तर रोज इथे सर्फिंगला जातोस."

दादाने वायर सोलता सोलता नुसतं हूं केलं.

तिने खाली स्वतःचा शेरा लिहून पाहिला होता, पण तो वाचतो कोण? नकाशाचा नियम असा, की मजकूर ज्याने लिहिला त्यालाच तो बदलता येतो. तिने बोक्याला निरोपावर निरोप धाडले, बोका ढिम्म. आता महिनाअखेरीला बोर्ड परत पाठवायचे आणि जुन्या ऑफिसात पुन्हा घेतात का ते विचारायचं, असं तिने ठरवलं होतं. हे सांगताना ती हसली. ते हसणं काही बघवेना.

दिवा लागला. दादा खाली उतरला. हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले. रोज सकाळी अख्खा समुद्र त्याच्या एकट्याच्या मालकीचा असायचा. ते सुख सोडणं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं. पण तिचं ते हसणं त्याहून जड जात होतं. त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, नावाच्या चौकटीत 'खारा बोका' असं लिहिलं आणि पासवर्ड घातला. नकाशाने त्याला मुकाट्याने आत घेतलं.

बहीण आधी पडद्याकडे पाहत राहिली, मग त्याच्याकडे.

"तू दुकान काढायच्या आधी लिहिलं होतं गं," तो म्हणाला. "गर्दी नको म्हणून. नंतर सांगायची लाज वाटली."

त्याने जुना मजकूर पुसला आणि लिहिलं, 'लाट बरी असते.'

"घरी आईपुढे रंगवून सांगतोस तसं लिही," ती कोरडेपणाने म्हणाली.

मग मात्र गडी सुटला. ओहोटी लागली की टेकाडाच्या बाजूने लाट कशी अलगद उचलते, डावीकडे लांबवर कशी फुटत जाते, तळाला नुसती वाळू, पडलात तरी खरचटायचं नाही. नवख्यांनी कुठे थांबावं, वारा फिरला की कधी बाहेर यावं. लिहिता लिहिता तो खुर्चीतच डुलायला लागला. बहिणीचा राग तिच्याही नकळत निवळत चालला होता, पण इतक्या स्वस्तात सोडायची तिची तयारी नव्हती.

त्याचं लिहून झाल्यावर तिने लॅपटॉप फिरवून घेतला, शेवटी आपल्या मनाचं थोडं जोडलं आणि त्याने वाचायच्या आत सेव्ह केलं.

'सकाळी इथे एक उंच माणूस एकटाच असतो. त्याला बिनधास्त हाक मारा. नवख्यांना तो शिकवतो, फुकट.'