खोटं गाव

"नवा धर्म कसा जन्मतो, हे आता देवालाही परभणीला येऊन विचारावं लागणार," असं रंगनाथ सरांनी जाहीर केलं आणि कम्प्युटरवर लोड येऊ नये म्हणून भुजंगला कूलर बंद करायला लावला.

दोघा गुरुशिष्यांनी धर्म कसा उगवतो ते बघायला कम्प्युटरात खोट्या माणसांचं एक खोटं गाव वसवलं होतं. वर्षभर चालवल्यावर त्या गावानं उत्तर दिलं. पाण्याकाठी कुणी न बोलता, काही न मागता नुसतं बसून राहिलं, की लोक आपणहून पाया पडायला लागतात. सर हरखले. ज्याला ते चारचौघांत पोटचा पोरगा म्हणायचे, तो भुजंग मात्र दुसऱ्याच दिवशी न सांगता गायब झाला.

सापडला तो थेट येलदरीच्या धरणाकाठी, मौनी महाराज होऊन. दर्शनाला ही लांब रांग. सर रांग मोडून पुढं घुसले.

"लबाडा, माझ्याच हाताखाली शिकून मलाच दगा? थांब, सांगतो सगळ्यांना."

महाराजांनी उठून त्यांना कडकडून मिठी मारली. रांगेनं जयजयकार केला. त्या गलक्यात महाराज सरांच्या कानाशी पुटपुटले,



"सर, खुशाल रागवा, पण तेवढं कम्प्युटर लावून बघा न, माझा पहिला चेला कधी फुटायलाय ते."